नवा स्कॅनर घ्यावा काय ?

सन २०२५ च्या जुलै महिन्यांतील गोष्ट. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनीं आंतरराष्ट्रीय अंतराळ-स्थानकांतून हौशी रेडिओच्या द्वारें आपल्या देशांतील विद्यार्थ्यांशीं संभाषण केलें, ही वार्ता वाचून आमच्या विज्ञान-मंडळांत मोठा उत्साह संचारला. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत इयत्ता नववीचीं पांच-सहा मुलेंमुली एक कागद घेऊन आमच्यापुढें उभीं राहिलीं. कागदावर एका परदेशी हातस्कॅनरचें चित्र व गुणवर्णन होतें. त्यांचा मुख्य वक्ता म्हणाला, "सर, मंडळाचा रेडिओ आतां जुना झाला. त्यावर गाणीं नि बातम्या, एवढेंच लागतें. ह्यावर विमानें ऐकूं येतात, पोलीस ऐकूं येतात, अंतराळ-स्थानकसुद्धां ऐकूं येतें. आनंदमेळ्याचे पैसे पेटींत आहेतच. थोडी वर्गणी काढली कीं भागेल."

आम्हीं त्यांना होकारही दिला नाहीं व नकारही दिला नाहीं. खरें सांगावयाचें तर तो कागद पाहून आमच्याही मनाला मोह पडला होता. परंतु बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टान्त आपण प्रार्थनासभेंत अनेकदां ऐकला आहे. आणि तो हिशेब केवळ रुपयांचा नसतो. म्हणून आम्हीं मुलांना चार प्रश्न लिहून दिले व एक महिन्याची मुदत दिली. ते प्रश्न व त्यांचीं उत्तरें येथें क्रमानें देत आहों.

प्रथम स्कॅनर म्हणजे काय, हें सांगितलें पाहिजे. साध्या रेडिओवर आपण कळ फिरवून केंद्र शोधतों. स्कॅनर हा स्वतःच एका लहरीवरून दुसऱ्या लहरीवर भराभर धांवतो, जेथें कोणी बोलत असेल तेथें थांबतो, आणि तें बोलणें संपलें कीं पुढें जातो. मंडळाजवळ असलेला हातांत मावणारा रेडिओही कळ दाबल्यास असाच शोध घेतो. परंतु त्याचा संचार मध्यम लहरी, लघुलहरी व एफ्. एम्. या सार्वजनिक प्रक्षेपणाच्या पट्ट्यांपुरताच आहे. नव्या यंत्राचें क्षेत्र याहून पुष्कळ विस्तृत असतें. तेव्हां जुनें ठेवावें कीं नवें घ्यावें, हा वाद होता.

पहिला प्रश्न : जें ऐकावयाचें, तें आकाशांत आहे काय ?

हा प्रश्न मुलांना पोरकट वाटला. परंतु आपल्या नागपुराचाच इतिहास पहा. येथील नभोवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. पुढें १८ मे १९८८ रोजीं आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तेव्हां तिच्यासाठीं देशाच्या मध्यभागीं असलेल्या नागपुरांत १००० किलोवॉट शक्तीचा प्रक्षेपक उभारण्यांत आला. त्याची लहर १५६६ किलोहर्ट्झची होती. रात्रीं मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरांवरून परावृत्त होऊन दूरवर जातात. त्यामुळें नागपूरचा आवाज रात्रीच्या वेळीं दूरदूरच्या प्रांतांत पोंचत असे. ही वाहिनी २०१९ च्या आरंभीं बंद झाली. त्या रात्रीं शेंकडों मैलांवर कोणी आपला रेडिओ लावून पाहिला असेल, तर त्यास वाटलें असेल कीं आपलें यंत्र बिघडलें. यंत्र तर ठाकठीक होतें. बोलणाराच गप्प झाला होता.

दुसरें उदाहरण ताजें आहे. मुलांच्या कागदावर 'हवामान-उपग्रहांचीं चित्रें' असें एक कलम होतें. अमेरिकेचे नोआ-१५, नोआ-१८ व नोआ-१९ हे उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास ढगांचीं चित्रें साध्या पद्धतीनें खालीं पाठवीत, व अनेक देशांतील विद्यार्थी तीं लहानशा यंत्रावर उतरवून घेत. २०२५ च्या जून व ऑगस्ट या महिन्यांत हे तिन्ही उपग्रह सेवेंतून काढण्यांत आले. ज्यानें केवळ तेवढ्यासाठीं स्कॅनर घेतला असेल, त्याच्या हातीं आतां चांगलें यंत्र व रिकामें आकाश राहिलें आहे. मुलांनीं तें कलम स्वतःच खोडलें.

दुसरा प्रश्न : जें आकाशांत आहे, तें आपल्यापर्यंत पोंचतें काय ?

एफ्. एम्. व त्याहून अधिक कंपनसंख्येच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें त्यांना क्षितिजाची मर्यादा पडते. ढोबळ नियम असा कीं, एरियलच्या मीटरमधील उंचीचें वर्गमूळ काढून त्यास ४.१ नें गुणावें; येणारा आंकडा म्हणजे क्षितिजाचें किलोमीटरमधील अंतर. हातांत धरलेलें यंत्र जमिनीपासून दीड मीटर असतें. त्याचें क्षितिज सुमारें ५ किलोमीटर. तेंच १२ मीटर उंच गच्चीवर नेलें तर सुमारें १४ किलोमीटर. समोरचा प्रक्षेपक १०० मीटर उंच मनोऱ्यावर असेल तर त्याचे ४१ किलोमीटर यांत मिळवावे. दहा हजार मीटरवरून जाणाऱ्या विमानाचें क्षितिज तर ४१० किलोमीटर होतें. यावरून कळेल कीं, प्रयोगशाळेच्या कोंपऱ्यांत बसून सर्वांत महागडें यंत्र जें ऐकूं शकणार नाहीं, तें कित्येकदां साधें यंत्र गच्चीवर ऐकतें.

मुलांनीं हें करून पाहिलें. शिवाय त्यांनीं एक एरियल बनविली. लहरीची लांबी काढण्याची रीत सोपी आहे : ३०० या आंकड्यास मेगाहर्ट्झनें भागावें. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटर लांब, व तिचा चतुर्थांश ७५ सेंटिमीटर. तेवढी उभी तार एफ्. एम्. साठीं उत्तम काम देते. मध्यम लहरींना मात्र हा उपाय चालत नाहीं. ज्या ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर केंद्र वर्षानुवर्षें बोलत आलें, तिची लांबी सुमारें ५१३ मीटर आहे. तिचा चतुर्थांशही कोणत्या गच्चीवर मावणार? म्हणून यंत्राच्या पोटांत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार असते. ही कांडी दिशा ओळखते. रेडिओ सावकाश फिरवला तर एका दिशेस आवाज मोठा व दुसऱ्या दिशेस बारीक होतो.

सर्वांत मोठा शोध मात्र अनपेक्षित लागला. प्रयोगशाळेंत मध्यम लहरींवर नेहमीं भयंकर खरखर असे, व तीच 'जुन्या यंत्राची' मुख्य तक्रार होती. एका मुलीनें सुचविलें कीं, खोलीचा वीजपुरवठा मुख्य कळीनेंच बंद करून पाहूं. रेडिओ बॅटरीवर चालत होता. कळ पाडतांच खरखर थांबली ! मग एकेक वस्तु लावून पाहिली, तेव्हां गुन्हेगार सांपडला : स्वस्त दिव्याच्या आंतील विद्युत्-घटक. बिचाऱ्या रेडिओवर वर्षभर खोटा आरोप होत होता. दिवा बदलला, व नव्या यंत्राची निम्मी गरज त्याच दिवशीं संपली.

तिसरा प्रश्न : जें पोंचतें, तें यंत्रास समजतें काय ?

येथें नव्या यंत्राची बाजू खरोखर बळकट आहे, आणि ती प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. लहरीवर आवाज चढविण्याच्या पद्धति निरनिराळ्या आहेत. एका पद्धतींत लहरीचा जोर कमीजास्त करतात, तिला ए. एम्. म्हणतात. दुसरींत कंपनसंख्या किंचित् हालवितात, ती एफ्. एम्. होय. विमानें ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत बोलतात, पण ए. एम्. पद्धतीनें, कारण दोन वैमानिक एकाच वेळीं बोलले तर त्या पद्धतींत गोंधळ तरी ऐकूं येतो. एफ्. एम्. मध्यें बळकट आवाज दुबळ्या आवाजास पार दडपून टाकतो, व दुसरा कोणी बोलत होता हें कळतही नाहीं. हौशी रेडिओवाले लघुलहरींवर सिंगल साइडबँड नांवाची तिसरी पद्धति वापरतात. ती आमच्या रेडिओस उलगडत नाहीं, केवळ बदकासारखा आवाज येतो. ही आमच्या यंत्राची खरी उणीव आहे.

परंतु हल्लीं पुष्कळ सरकारी व व्यापारी संदेश अंकीय पद्धतीनें जातात. त्यांतील कांहीं नव्या स्कॅनरला उलगडतात. पण जे कूटबद्ध असतात, म्हणजे ज्यांना गुप्त किल्ली लावलेली असते, ते कोणत्याही दुकानांतील यंत्रास उलगडत नाहींत. लंडनच्या पोलिसांचें बोलणें अशाच पद्धतीनें चालतें. तेथें महाग यंत्रही आपल्या जुन्या रेडिओइतकेंच बहिरें.

चौथा प्रश्न : जें समजेल, तें ऐकण्याचा आपणांस अधिकार आहे काय ?

हा प्रश्न आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविला होता. एके काळीं साध्या रेडिओसही पोस्टांत शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. घरोघरीं ती परवाना-पुस्तिका जपून ठेवीत. ती पद्धति १९८० नंतरच्या दशकांत बंद झाली. पण ही सवलत सर्वांसाठीं केलेलें प्रक्षेपण ऐकण्यापुरती आहे. इतर बिनतारी यंत्रें बाळगण्यास परवानगी हवी, हें तत्त्व १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्यांत होतें, व २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानेंही तेंच पुढें चालविलें आहे. 'दुकानांत मिळतें' याचा अर्थ 'बाळगण्यास मोकळीक आहे' असा होत नाहीं.

कायद्याच्याही पलीकडे एक गोष्ट आहे. आम्ही महाविद्यालयांत असतांना एका मित्राच्या खोलींत साध्या रेडिओची कळ फिरवीत बसलों होतों. त्या काळचे तारविरहित दूरध्वनि असे असत कीं, त्यांवरील बोलणें कित्येकदां शेजारच्या रेडिओंत उतरे. अकस्मात् एक ओळखीचा आवाज ऐकूं आला. ते गृहस्थ आपल्या भावास पत्नीच्या दुखण्याविषयीं सांगत होते. डॉक्टरांनीं आशा सोडली असून तिला अजून कांहीं सांगितलेलें नाहीं, असें म्हणत होते. आम्हीं कळ लगेच फिरवावयास पाहिजे होती. आम्हीं ती फिरविली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ते बाजारांत भेटले व नेहमींप्रमाणें हंसून "काय, अभ्यास कसा चालला आहे ?" असें विचारते झाले. आमच्यानें त्यांच्या डोळ्यांकडे पाहवेना. आम्हीं त्यांचें कांहीं चोरलें नव्हतें, तरी चोर झालों होतों. ही हकीकत मुलांना सांगितली, तेव्हां 'पोलीस ऐकूं येतात' म्हणणारा आमचा वक्ता बराच वेळ खालीं पाहत होता. पोलिसांच्या त्या बोलण्यांतही कोणाच्या तरी घरचा अपघात, कोणाची तरी हरवलेली मुलगी असते.

याचा अर्थ आकाश मुलांना बंद आहे असा नाहीं. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, व शालेय वयाचीं मुलेंही ती परीक्षा देऊं शकतात. या छंदाची योग्यता मोठी आहे. २००४ च्या डिसेंबरांत श्रीमती भारती प्रसाद या हौशी रेडिओच्या कामासाठीं पोर्ट ब्लेअर येथें गेल्या होत्या. २६ तारखेस सुनामीनें बेटांचा संपर्क तोडला, तेव्हां त्यांच्या यंत्रावरून अनेकांची खुशाली मुख्य भूमीवर पोंचली. २००५ च्या मे महिन्यांत इस्रोनें या छंदासाठीं हॅमसॅट हा स्वतंत्र उपग्रहच सोडला. तो २०१४ पर्यंत काम देत राहिला. अंतराळ-स्थानकाचा १४५.८ मेगाहर्ट्झवरील आवाज ऐकावयाचा, तो याच राजमार्गानें. आणि तोंवर लघुलहरींचा अभ्यास करावयाचा असेल, तर नेदरलंडमधील ट्वेंटे विद्यापीठानें २००८ पासून इंटरनेटवर मांडलेलें ग्राहक-यंत्र शाळेच्या संगणकावरूनही ऐकतां येतें, व त्यास सिंगल साइडबँडही उलगडते.

महिन्यानंतर मंडळाची सभा भरली. चारही उत्तरें फळ्यावर मांडल्यावर दिसून आलें कीं, नवें यंत्र केवळ तिसऱ्या प्रश्नाचें, व तेंही अर्धेंच, उत्तर देतें. बाकीचें काम तार, गच्ची, एक दिवा व अभ्यास यांनीं होतें. बहुमतानें असें ठरलें कीं, पैसे पेटींतच ठेवावे. मंडळांतील पहिला विद्यार्थी परवाना मिळवील, त्या दिवशीं त्या परवान्यास शोभेल असें यंत्र घ्यावें. आमच्या मुख्य वक्त्यानें विरुद्ध मत दिलें. पण दुसऱ्या आठवड्यांत परीक्षेचें पुस्तक मागावयास सर्वांत आधीं तोच आला, हें येथें नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो.

पालकांनाही एक विनंति आहे. मूल नव्या यंत्राचा हट्ट धरील, मग तें कोणतेंही असो, तेव्हां एकदम 'हो' किंवा 'नाहीं' म्हणूं नये. हे चार प्रश्न कागदावर लिहून त्याच्या हातीं द्यावे व जुन्या यंत्राची पूर्ण परीक्षा करावयास सांगावें. त्यानंतरही जी उणीव उरेल, ती खरी उणीव समजावी व तिच्यासाठीं संतोषानें खर्च करावा.

मंडळाचा जुना रेडिओ सध्यां गच्चीच्या जिन्याजवळील खिडकींत ठेविलेला आहे. ज्यांना तो फिरवून दिशा ओळखण्याचा प्रयोग करावयाचा असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. येतांना वही आणावी.