चिलरच्या खोलीतली नोकरी

"उन्हाळा संपला की एसीवाल्याचं काम संपतं ना?" आयटीआयच्या प्रवेशाचा विषय निघाला की पालकांचा हा प्रश्न ठरलेला. घरगुती एसीपुरता तो बराचसा खराही आहे. मार्चपासून फोन थांबत नाही आणि पाऊस लागला की शुकशुकाट. पण ऑपरेशन थिएटर, नवी मुंबईतली डेटा सेंटर, औषधांचे कारखाने यांना ऋतू नसतो. नाशिककडची द्राक्षांची शीतगृहं तर ऐन थंडीतच भरायला लागतात. तिथे माणूस लागतो तो यंत्र बंद पडू नये म्हणून, आणि वर्षभर लागतो.

काम नेमकं काय, हे मुलाला आधीच कळलेलं बरं. मोठ्या इमारतीतला चिलर साधारण ७ अंशांचं पाणी सगळीकडे फिरवतो. ते खोल्यांमधली उष्णता घेऊन १२ अंशांवर परत येतं. ही उष्णता कंडेन्सरच्या नळ्यांमधल्या दुसऱ्या पाण्यात जाते आणि गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून बाहेर पडते. पाणी बोअरचं असेल तर या नळ्यांत क्षार धरतो, घरच्या गिझरमध्ये धरतो तसाच. त्याचा पातळ थरसुद्धा उष्णता अडवतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि विजेचं बिल चढतं.

म्हणून ठरावीक काळाने चिलर बंद करायचा, दोन्ही टोकांची झाकणं उघडायची आणि नळीन् नळी फिरत्या ब्रशने घासून काढायची. क्षार हटेना तर आम्लाचं सौम्य द्रावण फिरवतात. ते गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं तर नळ्यांचं तांबंच खाल्लं जातं. हे काम हेल्परच्या वाट्याला येतं, आणि माझ्या मते पुढचा सगळा रस्ता इथेच ठरतो. एक मुलगा नुसता घासतो. दुसरा कंडेन्सरमधल्या गॅसचं तापमान आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक लॉगबुकात रोज टिपतो. प्लांटवर याला अ‍ॅप्रोच म्हणतात. नळ्या स्वच्छ असताना तो एक-दोन अंशांच्या आसपास असतो. हळूहळू वाढू लागला की घासायची वेळ झाली. ही नोंद वाचता येणारा मुलगा फार दिवस हेल्पर राहत नाही.

कूलिंग टॉवरमधलं शेवाळ काढणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. पण कोमट, साचलेल्या पाण्यात लीजनेला हा जिवाणू वाढतो आणि तुषारांबरोबर माणसाच्या फुप्फुसात पोचतो. १९७६ साली फिलाडेल्फियात न्यूमोनियाची साथ आली, तिच्या शोधातून तो ओळखला गेला.

रस्ता सरळ आहे. दहावीनंतर आयटीआयत 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन' हा दोन वर्षांचा ट्रेड, मग अप्रेंटिसशिप. पुढे शिकायचं असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. बॉयलरकडे ओढा असेल तर अटेंडंटची शासकीय परीक्षा वेगळी द्यावी लागते. मुलींनी यात यावं का, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो: गेज हातात कोणाच्या आहे ते चिलरला कळत नाही.

संस्था निवडताना इमारत बघू नका, वर्कशॉप बघा. विद्यार्थी स्वतः ब्रेझिंग करतात का? नायट्रोजन भरून गळती शोधतात का? गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावतात का? 'गॅस संपला, भरून टाकू' असं शिकवणाऱ्या संस्थेपासून लांब राहा. बंद नळ्यांमधला गॅस संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. शिवाय माँट्रियल करारामुळे आर-२२ हा जुना गॅस २०३०पर्यंत बाद होत चालला आहे. त्याच्या जागी आलेला आर-३२ थोडाफार पेट घेतो आणि आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन. जुन्या सवयींनी हे गॅस हाताळणं जिवावर बेतू शकतं.

सुरुवातीचा पगार बेताचा असतो. रात्रपाळी असते, सणासुदीला सुट्टी मिळेलच असं नाही, आणि मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर चढावं लागतं. पहिल्या मुलाखतीत मुलाने तीन गोष्टी न लाजता विचाराव्यात: उंचीवर सेफ्टी बेल्ट मिळतो का, आम्ल हाताळायला हातमोजे आणि चष्मा मिळतो का, आणि काम चालू असताना मेन स्विचला कुलूप लावतात का. उत्तर गोलमाल आलं तर पगार कितीही चांगला असो, दुसरी नोकरी शोधावी.