धमनीच्या वाटेचा दाखला

सोलापुरात राहून कडक भाकरीस नको म्हणणाऱ्या इसमाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, याचा मी पुरेपूर अनुभव घेतला आहे. घास छातीच्या वरच्या भागी अडल्यासारखा होई आणि वर पाणी घेतले म्हणजे उतरे. पित्त, वार्धक्य, मनाचे खेळ असे निरनिराळे निवाडे दवाखान्यांतून पदरी पडले. दुर्बिणीच्या तपासणीत व्रण वा गाठ आढळली नाही, तेव्हा तक्रारच निराधार असा शेरा बसला. पुढे बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात अन्ननलिकेवर मागच्या अंगाने तिरका दाब दिसला आणि सीटी अँजिओग्राफीने त्याचा खुलासा केला.

येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, हा रोग नव्हे, रक्ताची वाट तेवढी निराळी आहे." महाधमनीच्या कमानीवरून सामान्यतः तीन शाखा निघतात: पहिली पुढे दुभंगून उजवा हात व मानेची उजवी बाजू सांभाळते, दुसरी मानेच्या डाव्या बाजूस जाते, तिसरी डाव्या हातास. पुष्कळांत पहिल्या दोहोंचे मूळ एकच असते, काहींत मेंदूकडे जाणारी एक डावी धमनी थेट कमानीवरूनच फुटते, आणि त्या बिचाऱ्यांना हयातभर याची गंधवार्ता नसते. शंभरांत सुमारे एकाच्या शरीरात मात्र, गर्भावस्थेत उजवीकडचा एक दुवा लोपल्यामुळे, उजव्या हाताची धमनी सर्वांत शेवटी डावीकडून निघून बहुधा अन्ननलिकेच्या पाठीमागून आडवी जाते, मी त्यांतला. डेव्हिड बेफर्ड या इंग्रज शल्यवैद्याने अशा रचनेपायी गिळणे दुष्कर झालेल्या एका स्त्रीचा वृत्तान्त १८व्या शतकातच लिहून ठेवला होता.

त्रास सौम्य असता शस्त्रक्रियेची तजवीज करण्याचे कारण नाही. सावकाश चावून खाणे बहुधा पुरते. परंतु गिळण्याची अडचण वाढत जाणे, वजन उतरणे, छातीत कळ येणे, यांपैकी काही घडल्यास पुन्हा तपासणी करावी, कारण या धमनीच्या मुळाशी फुगवटा येऊ शकतो.

कंठस्थ ग्रंथीची शस्त्रक्रिया ठरल्यास तर शल्यवैद्यास हे आधी सांगितलेच पाहिजे: अशा शरीरात स्वरयंत्राकडे जाणारा उजवा मज्जातंतू छातीत उतरून परत न येता मानेतूनच सरळ आत शिरतो, आणि नेहमीच्या जागी त्याचा शोध घेणाऱ्या हातून तो दुखावला गेला तर आवाज बसतो. नाकातून अन्ननलिकेत दीर्घकाळ नळी ठेवण्यापूर्वीही हे कळवावे.

माझा अहवाल मी सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा जपतो आणि त्याची नक्कल पाकिटात बाळगतो. घरातील दोघांना तरी त्यातील मजकूर ठाऊक असावा. कारण रात्री-अपरात्री छातीत दुखून नेलेल्या माणसाची अँजिओग्राफी बहुधा उजव्या मनगटातून आरंभिली जाते, अशा रचनेत या वाटेने नळी हृदयाकडे वळविणे कठीण पडते, डावे मनगट वा जांघ निवडणे सोयीचे ठरते, आणि हे सांगण्याच्या अवस्थेत रुग्ण त्या वेळी असतोच असे नाही.