संगणकाच्या पडद्याचे कुलूप

वर्धा व वैनगंगा यांच्या दुआबातील गोंडपिपरी तालुक्यात ग्रामपंचायतीचे कार्यालय म्हणजे गावाची चावडीच होय. दाखल्यासाठी आलेला शेतकरी, घरपट्टी भरणारी गृहिणी आणि सहज डोकावणारे चार जण एकाच खोलीत असतात. पूर्वी दप्तर कपाटात जाई आणि किल्ली खिशात राही. आता जन्म-मृत्यूच्या नोंदी, कर आकारणी आणि २०२० पासून ई-ग्रामस्वराजवरील जमाखर्च संगणकावर असतो. डिजिटल स्वाक्षरीची कळ यंत्रात खोचलेली आणि तिचा पिन शेजारच्या कागदावर लिहिलेला, अशा स्थितीत कर्मचारी चहाला उठला, तर गावाचा निधी वाऱ्यावर सोडल्यासारखेच आहे.

यावर उपाय आहे तो पडदा आपोआप बंद होऊन परवलीचा शब्द मागण्याचा. लिनक्स कुळातील ज्या प्रणालींत ग्नोम हा दर्शनी भाग असतो, तेथे ही योजना टर्मिनलमधून दोन आज्ञांनी करता येते. आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत, टिंबे व जोडरेघांसह टंकावयाच्या असतात. येथे त्यांचा उच्चार दिला आहे.

जीसेटिंग्स सेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.सेशन आयडल-डिले ३००

जीसेटिंग्स सेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.स्क्रीनसेव्हर लॉक-एनेबल्ड ट्रू

पहिल्या आज्ञेतील ३०० म्हणजे सेकंद, अर्थात पाच मिनिटे. तेथे शून्य घातल्यास पडदा कधीच आपोआप बंद होत नाही, आणि अनेक यंत्रांत नेमके हेच आढळते. दुसऱ्या आज्ञेने बंद पडद्यास कुलूप लागते. ‘सेट’च्या जागी ‘गेट’ घालून शेवटचे मूल्य गाळले की सध्याची स्थिती दिसते; ती पाहिल्यावाचून काम पुरे झाले असे मानू नये.

येथे एक चूक हमखास होते. अधिक अधिकार बरे, या समजुतीने आज्ञेपूर्वी ‘सुडो’ लावले जाते. ही मांडणी ज्या त्या वापरकर्त्याची स्वतंत्र असल्याने बदल मुख्य प्रशासकाच्या खात्यात होतो आणि स्वतःचा पडदा पूर्ववत उघडाच राहतो.

परवलीचा शब्दच बदलावयाचा असल्यास ‘पासडब्ल्यूडी’ ही आज्ञा द्यावी. आधी जुना आणि मग नवा शब्द दोनदा विचारला जातो. टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. यंत्र अडले असे समजून नवशिके तेथेच थांबतात.

हे कुलूप पडद्यापुरतेच आहे. यंत्र उघडून चकती काढून नेणाऱ्यास ते अडवीत नाही. त्यासाठी चकतीच कूटबद्ध करावी लागते. पाच मिनिटांची वाट पाहणेही बरे नव्हे. उठताना सुपर कळ, म्हणजे विंडोज चिन्हाची कळ, आणि एल एकत्र दाबावी. विंडोज प्रणालीतही याच जोडीने पडदा तत्काळ बंद होतो.

शाळेच्या संगणक कक्षात अनेक यंत्रे असतात. तेथे या दोन ओळी एका फाइलमध्ये लिहून प्रत्येक यंत्रावर त्या-त्या विद्यार्थी-खात्यातून चालविल्यास शिक्षकाचा तास वाचतो.