गायरानातील वनस्पतींची मोजणी

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अशा नोंदवहीत मारवेल आणि गाजर गवत यांना एकेकच ओळ मिळते. परंतु मारवेल हा गुरांचा चारा आहे, तर गाजर गवत चराऊ जमीन व्यापून टाकते. म्हणून नावांच्या जोडीला प्रमाणही नोंदवणे आवश्यक आहे.

गायरानातील प्रत्येक रोप मोजणे अशक्य असते. नमुना घ्यावा लागतो. केवळ वाटेकडेची पाहणी केल्यास टाकळा, गाजर गवत यांचेच प्रमाण फुगते. चौकट हाताने फेकली तरी काटेरी जाळी टाळली जाते. जागेची निवड चिठ्ठ्यांवर सोपवणे हाच यावर उपाय होय.

समजा, जमीन १०० मीटर लांब व ६० मीटर रुंद आहे. ० ते ९९ आणि ० ते ५९ अशा आकड्यांच्या चिठ्ठ्या दोन डब्यांत ठेवाव्यात. ३७ व १२ हे आकडे निघाल्यास एका कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूने ३७ मीटर जाऊन तेथून काटकोनात १२ मीटर आत शिरावे आणि १ मीटर बाजूची चौकट मांडावी. आतील प्रत्येक जातीची रोपे मोजावीत. गवताचा एक ठोंब एक रोप धरावा. चिठ्ठ्या परत डब्यात टाकून अशा २० चौकटी घ्याव्यात. शेवटच्या चौकटींतही नव्या जाती सापडत राहिल्यास संख्या वाढवावी. गाजर गवताला उघड्या हातांनी स्पर्श करू नये.

विविधता मोजण्यासाठी सिम्प्सन यांनी १९४९ मध्ये मांडलेला निर्देशांक सोयीचा आहे. प्रत्येक जातीच्या प्रमाणाचा वर्ग करून बेरीज घ्यावी व ती १ मधून वजा करावी. १०० रोपांत पाच जाती प्रत्येकी २० असल्यास उत्तर ०.८० येते. एकाच जातीची ८० व उरलेल्या चार जातींची प्रत्येकी ५ रोपे असल्यास ते ०.३५ वर घसरते. जाती दोन्हीकडे पाचच. परंतु दुसरे गायरान एकाच वनस्पतीच्या ताब्यात गेले आहे. ती वनस्पती चाऱ्याची की तणाची, हे मात्र जातवार आकडेच सांगतात.

दुर्मिळ वनस्पती चौकटीतून निसटू शकतात. त्यांची नोंद गुराखी व वैदू यांना विचारून वेगळी ठेवावी. हीच मोजणी दरवर्षी त्याच हंगामात, त्याच आकाराच्या चौकटीने केल्यास चराईबंदीचा किंवा तणनिर्मूलनाचा परिणाम ग्रामसभेपुढे आकड्यांनिशी मांडता येईल.