पार्ट बदलण्याआधी कारण विचारा

लंडनच्या पश्चिमेकडच्या उपनगरात संसार थाटला तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटातली पांढरी पेटी म्हणजे मोठा गीझर, एवढीच माझी समजूत होती. रेडिएटर तापवणारा आणि नळाला गरम पाणीही देणारा हा कॉम्बी बॉयलर. त्याच्या सर्व्हिसिंगला येणारे इंजिनिअर, शेजारीपाजारी आणि आलेली बिलं यांच्याकडून जे शिकले, ते इकडे नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. कार्ड मागायला संकोच नको.
ब्रिटनमध्ये मोबदला घेऊन गॅसचं काम करायचं, तर 2009 पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’वर नोंदणी लागते. कार्डाच्या पुढच्या बाजूला फोटो असतो, पण वाचायची असते ती मागची बाजू. त्या माणसाला कोणत्या उपकरणांवर काम करायची परवानगी आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. शेगडीची परवानगी म्हणजे बॉयलरची नव्हे. चांगला इंजिनिअर कार्ड मागितल्यावर रागावत नाही, स्वतःच पुढे करतो.

२. सर्व्हिसिंग झाल्यावर ‘काय मोजलं?’ असं विचारा.
झाकण पुसून, बटणं दाबून ‘ऑल गुड’ म्हणणं ही सर्व्हिसिंग नाही. फ्लूमधून, म्हणजे धुराच्या नळीतून, बाहेर जाणाऱ्या वायूंचं प्रमाण यंत्राने मोजायला हवं, गॅसचा वापर तपासायला हवा, कंडेन्सेटचा (धुरातली वाफ थंड होऊन बनणाऱ्या पाण्याचा) ट्रॅप धुवायला हवा, ज्योत ओळखणारा इलेक्ट्रोड पाहायला हवा. बर्नरचं आवरण उघडलं तर त्याचं सील तपासायचं, आणि कंपनीने सांगितलं असेल तर नवं घालायचं. हे आकडे कागदावर मागून घ्या. पुढच्या वर्षी तुलना करायला ते लागतात, आणि वॉरंटीही बहुधा दरवर्षीच्या नोंदीवरच टिकते.

३. प्रेशर सारखं उतरत असेल, तर नुसतं पाणी भरत राहू नका.
बॉयलर थंड असताना गेजचा काटा साधारण 1 ते 1.5 बारवर असावा. उतरला की फिलिंग लूप उघडून पाणी भरायचं, हे कोणीही शिकतं. पण ते का उतरतं? 10 अंशांचं पाणी 70 अंशांपर्यंत तापलं की जवळजवळ 2 टक्क्यांनी फुगतं. त्या वाढीव पाण्याला जागा देण्यासाठी एक्स्पान्शन व्हेसल असते. तिच्यात रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. ही हवा निघून गेली की फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही. काटा 3 बारवर जातो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकतं. रात्री सगळं थंड झालं की काटा शून्यावर.
अशा वेळी नुसता सेफ्टी व्हॉल्व्ह बदलून काही महिन्यांत तेच दुखणं परत आलेली घरं मी पाहिली आहेत. कित्येकदा पाण्याच्या बाजूचा दाब सोडून व्हेसलमध्ये पंपाने हवा भरली की भागतं. पडदाच फाटला असेल तर मात्र व्हेसल बदलावी लागते.

४. बिघाड सांगताना ‘बंद पडलाय’ एवढंच सांगू नका.
नळाला गरम पाणी येतं पण रेडिएटर गार, किंवा भर जूनमध्ये नळ सोडला की रेडिएटर तापतात, तर संशय डायव्हर्टर व्हॉल्व्हवर, म्हणजे उष्णता रेडिएटरकडे की नळाच्या पाण्याकडे वळवायची ते ठरवणाऱ्या झडपेवर. रेडिएटर उत्तम पण नळाचं पाणी कोमट, तर गरम पाण्याच्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार साचले असण्याची शक्यता मोठी. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड आहे, हे किटलीच्या तळाकडे पाहिलं तरी कळतं. एवढं नीट सांगितलं, की महागडा सर्किट बोर्ड अंदाजाने बदलण्याची वेळ सहसा येत नाही.

५. जुन्या गाळात नवा पार्ट टिकत नाही.
रेडिएटर वरून गार असेल तर आत हवा असते. ती किल्लीने सोडता येते. खालून गार असेल तर तळाशी काळा गाळ, म्हणजे आतल्या लोखंडाचा गंज. हाच पंपात आणि हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन अडकतो. पंप बदलायचा ठरला की आधी सिस्टिम धुऊन घ्या, मॅग्नेटिक फिल्टर बसवा आणि गंजरोधक द्रव घाला. सारखं ताजं पाणी भरलं की सोबत ऑक्सिजन जातो आणि गंज वाढतो. म्हणून तिसरा धडा आणि हा एकाच माळेचे मणी.

६. कडाक्याच्या थंडीत आधी बाहेरची नळी पाहा.
2005 पासून इथे नवे बॉयलर बहुतांशी कंडेन्सिंग प्रकारचे असतात. धुरातली वाफ थंड होऊन तिचं आम्लधर्मी पाणी प्लास्टिकच्या नळीतून बाहेर पडतं. नळी गोठली की बॉयलर गुडगुडतो आणि बंद होतो. नळी हाताला येण्यासारखी असेल तर गरम, पण उकळतं नव्हे, असं पाणी ओतावं आणि रीसेट करावं. कायमचा उपाय म्हणजे बाहेरचा भाग जाड नळीचा करून त्यावर उष्णतारोधक आवरण चढवणं. यात बॉयलरचा एकही पार्ट बदलावा लागत नाही.

७. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.
आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने जीव गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. तो गीझर खोलीतलीच हवा वापरतो. इथला आजचा बॉयलर हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. पण सील किंवा फ्लू निकामी झाला तर धोका तोच. घरात डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं, तर बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 0800 111 999 वर फोन करा. भाड्याच्या घरात दरवर्षी गॅसची तपासणी करून तिची प्रत 28 दिवसांत भाडेकरूला देणं घरमालकावर बंधनकारक आहे. मागून घ्या.

८. दुरुस्ती की नवा, हे बिलावरून नव्हे, कारणावरून ठरवा.
बॉयलर साधारण 10 ते 15 वर्षं चालतो. मोठा पार्ट सुचवला गेला की मी विचारते: हा का गेला, ते कारण दूर झालं का, आणि या मॉडेलचे पार्ट अजून मिळतात का? तिन्हीची समाधानकारक उत्तरं मिळाली तर जुन्या बॉयलरवरही खर्च करते. कारण न सांगता नुसती पार्टची यादी समोर आली, तर पैसे देण्याआधी दुसऱ्या इंजिनिअरला बोलावते.