मांजराचा आहार : केवळ दूधभात पुरेसा नाही

तोरणा-राजगडाच्या पायथ्याचा वेल्हे परिसर भातशेतीचा. कणगीतील धान्य उंदरांपासून राखणाऱ्या मांजरास दूधभात घातला की पुरे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मांजर मांसाहारी प्राणी होय. त्यास आवश्यक असणारे टॉरिन हे द्रव्य भातात नसते. त्याच्या अभावी दृष्टी क्षीण होते, हे १९७५ मध्ये, तर हृदय दुर्बल होते, हे १९८७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. अनेक प्रौढ मांजरांना दूधही पचत नाही. म्हणून शिजवलेली मासळी वा कोंबडीचे बिनहाडाचे मांस, त्यातील पाण्यासह द्यावे. कांदा-लसणाचे कालवण घालू नये. त्याने रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. विषाने मेलेले उंदीर तत्काळ पुरावेत. धान्याच्या या राखणदाराचे आरोग्य जपण्यात शेतकऱ्याचेच हित आहे.