तुझी गोष्ट लातूरच्या खोलीतच घडू दे

अगं, तू पाठवलेले भाग वाचले. तुझा हात लिहिता आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पहिला भाग पुष्कळ जण उघडतात आणि दुसऱ्यापर्यंत फार थोडे येतात, म्हणून तू हिरमुसली आहेस. मोठी बहीण आहे, मनात आलं ते सरळ सांगते. राग मानू नकोस.

तुझी नायिका मुंबईत बाविसाव्या मजल्यावर राहते. नायक लंडनहून परतलेला, मोठ्या कंपनीचा मालक. त्याच्या घरात सकाळचा चहा कोण करतं, त्याच्या आईला कशाची भीती वाटते, हे तुला ठाऊक नाही आणि ते वाक्यावाक्याला कळतं. प्रतिलिपीवर अशा कथा ढिगानं पडल्यात. २०१४ साली सुरू झालेल्या या बेंगळुरूच्या मंचावर आज मराठीत कुणालाही गोष्ट टाकता येते. देगलूरच्या नाहीतर निलंग्याच्या बाईला त्यासाठी पुण्या-मुंबईच्या संपादकाच्या पत्राची वाट बघावी लागत नाही. इतकी मोकळीक हातात आल्यावर आपण दुसऱ्याच्या घरातली, कधी न बघितलेली गोष्ट का लिहायची?

तू लातूरला राहतेस. खिडकीतून बाहेर बघ. गावाकडचं घर नवऱ्यावर आणि सासूवर सोपवून कितीतरी बाया तिथं भाड्याच्या खोलीत राहायला आल्यात, लेकराची नीटची तयारी व्हावी म्हणून. लातूर पॅटर्न म्हणून पेपरात येतो तो निकाल. निकालामागची ही बाई कुणाच्या कथेत फारशी येत नाही. मुखेडकडची एक आई घे. एक खोली, गॅसची शेगडी, दोन गाद्या, भिंतीवर लेकीच्या अभ्यासाचं वेळापत्रक. लेक क्लासला गेली की दुपारभर आईला काम नाही. शेतात राबलेल्या बाईला असं रिकामं बसणं किती जड जातं, ते लिही. फी भरायची ती सोयाबीन विकल्यावर, म्हणून तिचं सगळं लक्ष बाजारभावाकडे. दिवाळीच्या सुमाराला नवरा माल घेऊन लातूरच्या आडतीवर येतो, पट्टी खिशात घालून रात्री खोलीवर मुक्कामाला थांबतो. तिघांना ती खोली पुरत नाही. लेक पुस्तकात डोकं खुपसून बसते आणि नवरा-बायकोला आठ महिन्यांचं बोलायचं असतं, तेही कुजबुजत. आता सांग, त्या रात्रीत तुझ्या लंडनवाल्यापेक्षा जास्त गोष्ट आहे की नाही?

आणि लेकीला डॉक्टर व्हायचंच नसेल तर? हे तिनं आईला अजून सांगितलेलं नाही. बस, इथं तुझे पुढचे दहा भाग उभे राहिले.

सुरुवात मात्र बदल. ‘सकाळची प्रसन्न वेळ होती, पक्षी किलबिलाट करत होते’ हे वाक्य वाचकानं हजारदा वाचलंय. तुझी वाचक भाजी फोडणीला टाकून, नाहीतर रात्री सगळे झोपल्यावर उशाशी फोन धरून वाचते. तिच्याकडे वेळ थोडा आणि बोटाखाली दुसऱ्या शंभर कथा. तिला पहिल्या दोन ओळींत माणूस भेटला पाहिजे आणि त्या माणसाची अडचण दिसली पाहिजे. ‘टेस्टचे मार्क लागले त्या रात्री लेकीनं डबा न उघडताच परत दिला.’ एवढ्यानं सुरू कर. खोली कशी आहे, गाव कुठलं, हे मागून येऊ दे.

बोलीचं तू विचारलं होतंस. मुखेडची बाई ‘तू काय करत आहेस?’ असं कधी म्हणेल का गं? ती ‘काय करलालीस?’ असंच म्हणणार. म्हणू दे तिला. पुण्याच्या वाचकाला समजणार नाही, ही भीती सोड. आपल्या लातूरजवळच्या काटगावचे रा. रं. बोराडे. त्यांची ‘पाचोळा’ १९७१ साली आली. शिंप्याच्या घरातली बाई स्वतःच्या तोंडानं, आपल्याच बोलीत सगळं सांगते आणि महाराष्ट्रभर लोकांनी ती कादंबरी वाचली. वाचली नसशील तर आधी ती मिळव. त्यांनी निवेदनही बोलीत ठेवलंय. तू निदान संवाद बोलीत ठेव, निवेदन साधं राहू दे, कारण बोली सलग पेलायला कान फार तयार लागतो. मात्र हसवण्यासाठी बोली वापरू नकोस. आपल्या भाषेतला माणूस कथेत फक्त गडी नाहीतर विनोदी मावशी म्हणून येतो, याचा मला मनापासून राग येतो. आपल्या बोलीत रडताही येतं, भांडताही येतं, प्रेमही करता येतं.

आता भागांविषयी. तू प्रत्येक भागाच्या शेवटी कुणाला तरी चक्कर आणतेस, नाहीतर दारावर थाप पाडतेस, आणि पुढच्या भागात थाप दूधवाल्याची निघते. वाचक एकदा फसते, दुसऱ्यांदा निघून जाते. क्रमशः हा काही मोबाइलचा शोध नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातूनच क्रमानं छापली. त्या कादंबरीतली यमू स्वतः आपली कहाणी सांगते. पुढच्या अंकाची वाट बघायला लावणारी ओढ होती ती तिचं पुढं काय होणार या काळजीची. तुझ्या भागाचा शेवटही तसा हवा. आईला पुस्तकात लेकीनं लपवलेला मार्कांचा कागद सापडतो. ती तो वाचते, होता तसाच ठेवते आणि नवऱ्याचा फोन आल्यावर म्हणते, ‘अभ्यास चांगला चालू हाय.’ इथं भाग संपव. ती खोटं का बोलली, हे कळायला वाचक नक्की परत येईल.

वार ठरव आणि पाळ. रोज टाकायच्या हट्टापायी पाणी घातलेले भाग टाकण्यापेक्षा आठवड्यातून दोन बरे. तू बोलून टाइप करतेस हे मला माहीत आहे, पोळ्या लाटताना दुसरा उपायही नसतो. पण फोनला आपली बोली कळत नाही, तो भलतंच लिहितो. म्हणून टाकण्याआधी भाग मोठ्यानं वाच. जिथं जीभ अडखळेल तिथं वाचकही अडखळेल. परिच्छेद लहान ठेव, फोनच्या पडद्यावर लांबलचक मजकूर बघूनच माणूस दमतो. कुणी प्रतिक्रिया लिहिली तर उत्तर दे, नुसता हात जोडल्याचा इमोजी नको, दोन शब्द लिही. मात्र चार जणींनी ‘शेवट गोड करा’ म्हटलं म्हणून शेवट फिरवू नकोस. आणि कथेच्या पोटात कुठंतरी आपलं नाव गुंफून ठेव. व्हॉट्सॲपवर कथा फिरते तेव्हा वरचं नाव सर्रास कापलं जातं.

एक गोष्ट मला जास्त कळकळीनं सांगायचीय. वाचक मिळावेत म्हणून दुःख उसनं घेऊ नकोस. किल्लारीच्या भूकंपावर कथा लिहायचा तुझा विचार आहे म्हणालीस. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट औसा-उमरग्याकडच्या घराघरात अजून जिवंत आहे. ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली माणसं काढली, ते आज आजोबा-आजी झालेत आणि त्यांची नातवंडं फोनवर कथा वाचतात. आधी त्यांच्याजवळ बस, ऐक, आणि त्यांनी लिही म्हटलं तरच लिही. पाणीटंचाईचंही तेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीला प्रत्येकी ५० हजार लिटरच्या दहा वाघिणी होत्या, हे सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. टीव्हीवर न आलेलं तुझ्या शेजारणींना ठाऊक आहे. टँकर रात्री किती वाजता यायचा, तोवर घरात कोण जागं राहायचं, भांडी घासायचं पाणी पुन्हा कशाला वापरायचं, ते त्यांना विचार. त्या भरभरून सांगतील.

वाचक झटकन वाढतील, असं वचन मी देत नाही. लंडनवाल्या कथेला अजूनही जास्त लोक येतील कदाचित. पण मुखेडच्या आईची गोष्ट वाचून एखाद्या खोलीतली बाई तुला लिहील की हे माझंच आहे, आणि ती तुझा एकही भाग चुकवणार नाही. अशाच वाचकांवर लिहिणारी टिकते.

तर या आठवड्यात पहिला भाग नव्यानं लिही आणि टाकण्याआधी मला पाठव. रात्री नऊनंतर मी मोकळी असते, दोघी मिळून फोनवर मोठ्यानं वाचू.